आतड्यापर्यंत पोचणारी गोळी आणि ठाणे-कल्याणचा औषधपट्टा

आतड्याच्या दाहक विकारांवर तोंडाने घ्यायच्या औषधांचा इतिहास म्हणजे मुख्यतः त्या औषधांच्या वाहकांचा इतिहास. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येऊन व्रण पडतात आणि शौचावाटे रक्त व आव जाते. क्रोन्सच्या आजारात दाह पचनमार्गात कुठेही उद्भवू शकतो, पण बहुधा तो लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाशी असतो आणि भिंतीची सगळी जाडी व्यापतो. दोन्ही आजार वर्षानुवर्षे टिकतात, मधूनमधून शांत होतात आणि पुन्हा उसळतात. त्यावरचे सर्वांत जास्त वापरले जाणारे औषध, मेसालामाइन, रसायनदृष्ट्या फार साधे आहे. सॅलिसिलिक आम्लावर एक अमिनो गट बसवला की ते तयार होते. अडचण पुढची आहे. हे औषध साध्या गोळीतून दिले तर जठरात विरघळते, लहान आतड्याच्या सुरुवातीलाच रक्तात शोषले जाते आणि दुखऱ्या जागेपर्यंत फारच थोडे उरते. मेसालामाइनचे काम आतड्याच्या अस्तरावर प्रत्यक्ष टेकून होते, त्यामुळे रक्तात गेलेला भाग जवळजवळ वायाच जातो. जठराचे आम्ल आणि पुढचे सुमारे सहा मीटर लहान आतडे ओलांडून औषध तिथवर कसे न्यायचे, या एका प्रश्नावर गेली ऐंशी वर्षे काम चालले आहे.

या कामातले मूळ शोध स्टॉकहोम, ऑक्सफर्ड, कार्डिफ आणि डार्मस्टाट इथले आहेत. परंतु असे शोध गोळीच्या रूपाने हातात पडायला ज्या तीन गोष्टी लागतात, म्हणजे रंगरसायनाची जाण, आवरण चढवण्याची यंत्रे आणि औषधनिर्मितीत मुरलेले मनुष्यबळ, त्या तिन्ही मुंबईच्या उत्तरेला ठाण्यापासून कल्याण-डोंबिवली-अंबरनाथपर्यंतच्या पट्ट्यात एकत्र आल्या. औषधांच्या इतिहासात शोध लावणाऱ्यांची नावे राहतात आणि बनवणाऱ्यांची गळून जातात. म्हणून या पट्ट्याची नोंद या विषयाबरोबर घेणे अगत्याचे आहे.

ठाण्याला रेल्वे १८५३ मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोचली. तरीही रासायनिक उद्योग इथे खऱ्या अर्थाने वाढला तो स्वातंत्र्यानंतर. मुंबई बेटावर जागा उरली नव्हती आणि वस्तीच्या मधोमध रसायनांचे कारखाने नकोसे झाले होते. ठाण्यात मोकळी जमीन होती, रेल्वेचा रूळ होता, आग्रा रोड होता आणि कामगारांना राहण्यापुरती स्वस्त घरे होती. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली आणि त्याचे पहिले औद्योगिक क्षेत्र ठाण्याची वागळे इस्टेट हे होते. त्यापाठोपाठ ठाणे-बेलापूर रस्त्याचा पट्टा, डोंबिवली आणि अंबरनाथ इथल्या वसाहती भरत गेल्या. रसायनाला पाणी फार लागते, ती गरज महामंडळाने बारवी नदीवर बांधलेल्या आणि १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या धरणाने भागवली. डोंबिवलीच्या वसाहतीतील कारखाना आणि शेजारचे घर यांना एकाच नदीचे पाणी मिळू लागले.

औषधकंपन्यांपैकी ग्लॅक्सोने पोखरण रस्त्यावर, स्वित्झर्लंडच्या सँडोझने कोलशेतला आणि फायझरने तुर्भ्याला कारखाने काढले. सर्ल कंपनीचा कारखाना ठाणे-बेलापूर रस्त्यावर होता. पुढे ही कंपनी आरपीजी समूहाकडे गेली आणि आरपीजी लाइफ सायन्सेस या नावाने ओळखली जाऊ लागली. तिचे अ‍ॅझोरान, म्हणजे अ‍ॅझाथायोप्रिन, हे रोगप्रतिकारशक्तीला लगाम घालणारे औषध भारतात आतड्याच्या दाहावर वर्षानुवर्षे लिहून दिले जाते. सँडोझचे नाव तर ठाण्याच्या भूगोलातच शिरले. कोलशेत रस्त्यावरच्या पोस्ट ऑफिसला सँडोझबाग हे नाव पडले आणि कंपनीचा औषधव्यवसाय १९९६ मध्ये नोव्हार्टिसमध्ये विलीन झाल्यावरही पत्त्यांवर ते टिकून राहिले.

डोंबिवलीची प्रकृती ठाण्याहून वेगळी होती. तिथे बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या मोठ्या कारखान्यांपेक्षा लहान आणि मध्यम आकाराचे, रंग, रंगमाध्यमे आणि औषधांची मध्यवर्ती रसायने करणारे कारखाने दाटीने उभे राहिले. माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात, अध्यापन केलेल्या डॉ. केकी घरडा यांची घरडा केमिकल्स याच वसाहतीत वाढली. १९३३ मध्ये सुरू झालेल्या यूडीसीटीमध्ये रंगरसायनाला पहिल्यापासून मानाचे स्थान होते. तिचे पहिले भारतीय संचालक के. वेंकटरामन हे जगन्मान्य रंगरसायनज्ञ होते. माटुंग्याहून पदवी घेऊन बाहेर पडलेला मुलगा मध्य रेल्वेनेच डोंबिवलीला कामावर जाऊ शकत होता, आणि असे कितीतरी गेले.

रंगरसायनाचा आतड्याच्या आजाराशी संबंध वरवर दूरचा वाटतो, पण प्रत्यक्षात या औषधांची सुरुवात रंगापासूनच झाली. १९३० च्या दशकात जर्मनीत गेर्हार्ड डोमाक यांनी प्रॉन्टोसिल नावाच्या लाल रंगाने जीवाणूसंसर्ग बरा होतो हे दाखवले. प्रॉन्टोसिल हा अ‍ॅझो रंग होता, म्हणजे त्याच्या रेणूच्या दोन भागांना नत्राच्या दोन अणूंचा पूल जोडत होता. १९३५ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील शास्त्रज्ञांनी दाखवले की शरीरात हा पूल तुटतो आणि सुटा झालेला सल्फानिलामाइड हाच भाग औषधाचे काम करतो. म्हणजे रंग स्वतः औषध नव्हता. तो औषध पाठीवर घेऊन जाणारा वाहक होता, हे त्या वेळी कोणी या शब्दांत मांडले नसले तरी.

हीच घडण स्वीडनमध्ये नान्ना स्वार्त्झ यांनी वापरली. कारोलिन्स्का संस्थेतील या प्राध्यापिकेला संधिवातामागे संसर्ग असावा असे वाटत होते. सांध्यांच्या ऊतींत शिरणारे सल्फा औषध आणि सूज उतरवणारे सॅलिसिलिक आम्ल एकाच रेणूत बांधावेत, अशी त्यांची कल्पना होती. फार्मासिया कंपनीच्या मदतीने १९३८ नंतर त्यांनी सल्फापायरिडिन आणि सॅलिसिलिक आम्लाचे अपत्य असे एक अ‍ॅझो संयुग तयार करवले. त्याचे नाव सल्फासालाझीन. १९४२ मध्ये त्यांनी आपले अनुभव प्रसिद्ध केले, त्यात कोलायटिसच्या रुग्णांना झालेला फायदा ठळक होता. संधिवातासाठी आखलेले औषध आतड्याच्या दाहावर उपयोगी पडले, आणि ते का उपयोगी पडले हे कळायला आणखी तीस वर्षे जावी लागली.

सल्फासालाझीन घडवण्याची रीत आणि अ‍ॅझो रंग घडवण्याची रीत ही एकच. डोंबिवलीच्या रंगकारखान्यात ज्याला नुसते 'डायझो' म्हणतात, ती क्रिया अशी चालते. टाकीत अमिनो संयुग हायड्रोक्लोरिक आम्लात घेतात, बर्फाच्या लाद्या फोडून टाकतात आणि तापमान शून्य ते पाच अंशांवर आणतात. मग सोडियम नायट्राइटचे द्रावण हळूहळू सोडतात. घाई केली तर तापमान चढते, डायझो फुटते आणि नत्रवायू बुडबुडत निघून जातो. नायट्राइट पुरेसे झाले की नाही हे पाहायला ऑपरेटर काचेच्या कांडीने एक थेंब उचलून स्टार्च-आयोडाइडच्या कागदावर टेकवतो. कागद लगेच निळा झाला की क्रिया पूर्ण झाली. त्यानंतर हे थंड द्रावण दुसऱ्या टाकीतल्या अल्कलीयुक्त संयुगावर ओततात, त्याला 'कपलिंग' म्हणतात, आणि बघता बघता टाकीत रंग उमटतो. सॅलिसिलिक आम्लाशी कपलिंग केले की पिवळ्या-केशरी छटेची संयुगे मिळतात. सल्फासालाझीन त्यांपैकीच एक. हे औषध घेणाऱ्या रुग्णाची लघवी केशरी होते ती यामुळेच. मेसालामाइन बनवण्याची एक प्रचलित रीतही याच वाटेने जाते: सॅलिसिलिक आम्लाशी आधी अ‍ॅझो बंध जोडायचा आणि मग तो तोडून अमिनो गट मोकळा करायचा. ज्या कामगारवर्गाच्या हाताला बर्फ, नायट्राइट आणि निळ्या कागदाची सवय होती, त्याला या औषधांचे रसायन परके नव्हते.

सल्फासालाझीनचे गुपित १९७० च्या दशकात उलगडले. १९७२ मध्ये पेपरकॉर्न आणि गोल्डमन यांनी जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांवर प्रयोग केले. त्या उंदरांच्या आतड्यात सल्फासालाझीन जसेच्या तसे राहिले. साध्या उंदरांत मात्र ते तुटले. अ‍ॅझो पूल तोडणारे कारागीर म्हणजे मोठ्या आतड्यातले जीवाणू हे स्पष्ट झाले. १९७७ मध्ये ऑक्सफर्डला ए. के. आझाद खान, पिरिस आणि ट्रूलव्ह यांनी पुढचा प्रश्न सोडवला. त्यांनी रुग्णांना सल्फासालाझीन आणि त्याचे दोन्ही तुकडे, सल्फापायरिडिन व मेसालामाइन, वेगवेगळ्या एनिमातून दिले. सल्फापायरिडिनने काही होईना, मेसालामाइनने दाह उतरला. आझाद खान हे पुढे ढाक्याला परतले आणि बांगलादेशातील मधुमेह संघटनेचे प्रमुख म्हणून नावाजले.

या निष्कर्षाचा अर्थ सरळ होता. एक ग्रॅम सल्फासालाझीनमध्ये कामाचे मेसालामाइन जेमतेम ०.४ ग्रॅमच्या आसपास असते. उरलेला सल्फापायरिडिनचा भाग नुसता वाहक, आणि मळमळ, डोकेदुखी, पुरुषांत शुक्रजंतूंची तात्पुरती घट हे त्रास बहुतेक त्याचेच. तेव्हा वाहक बदलायला हवा. पहिली वाट रसायनातूनच गेली: मेसालामाइनचे दोन रेणू एकमेकांना अ‍ॅझो बंधाने जोडून ओल्सालाझीन तयार झाले, आणि निरुपद्रवी वाहकाला जोडून बालसालाझाइड. दुसरी वाट रेणूला हात न लावता गोळीला आवरण घालण्याची होती, आणि तीच पुढे राजमार्ग झाली.

गोळीला आवरण घालण्याची कला या औषधाहून जुनी आहे. हँबर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पॉल गेर्सन उन्ना यांनी १८८४ मध्ये केराटिनचा थर दिलेल्या गोळ्या वापरल्या, जठरात न विरघळता आतड्यात विरघळाव्यात म्हणून. नंतर लाखेचा थर आला. लाख भारतातून जगभर जात असे आणि तिचे संशोधन केंद्र १९२४ पासून रांचीजवळ होते. पण औषधकारखान्यांत रोजचे काम साखरेच्या आवरणाचे होते, आणि ते संक्रांतीच्या काटेरी हलव्यासारखे चाले. कललेल्या, फिरत्या तांब्याच्या पॅनमध्ये गोळ्या घ्यायच्या, पाक ओतायचा, गरम हवा सोडायची, सुकले की पुन्हा पाक. मध्ये शंखजिऱ्याची भुकटी, मग गुळगुळीत करणारे थर, मग रंग, शेवटी मेणाची झिलई. गोळीचे वजन दुपटीच्या घरात जाई आणि एक बॅच पुरी व्हायला कित्येक दिवस लागत. पाक किती आणि कधी ओतायचा हे आवरण चढवणाऱ्या कारागिराच्या, म्हणजे कोटरच्या, हाताला आणि कानाला कळे. पॅनमध्ये घरंगळणाऱ्या गोळ्यांचा आवाज बदलला की गोळ्या चिकटू लागल्याचे त्याला समजत असे. असा कोटर कारखाना सोडून गेला तर उत्पादन अडायचे. ही कौशल्ये कागदावर कधीच पूर्ण उतरली नाहीत.

ठाण्याचा या कलेशी संबंध यंत्रांच्या बाजूनेही आहे. १९४७ मध्ये सुरू झालेली गॅन्सन्स ही कंपनी कोलशेत रस्त्याजवळ, सँडोझबागेच्याच परिसरात, औषधकारखान्यांसाठी कोटिंगची आणि दाणे पाडण्याची यंत्रे बनवत आली आहे. आयात यंत्राला परवाना आणि परकीय चलन मिळवणे मुश्कील होते, त्या काळात असे देशी यंत्र उपलब्ध असण्याचे मोल मोठे होते. यंत्र बनवणारा आणि वापरणारा एकाच शहरात असले की बिघाड दुरुस्त व्हायला आणि यंत्रात सुधारणा व्हायला वेळ लागत नाही. आवरणाची कला या शहरात वर्षानुवर्षे टिकली, त्यात या शेजाराचा वाटा नक्कीच असावा.

१९५० च्या दशकात अमेरिकेत फिल्म-कोटिंग आले. साखरेच्या डझनावारी थरांऐवजी पॉलिमरचा एक पातळ पापुद्रा फवारून चढवायचा, आणि गोळीचे वजन काही टक्क्यांनीच वाढवायचे. भोके पाडलेल्या पिंपातून हवा आरपार खेचणारी यंत्रे आली आणि जे काम दिवसांत होई ते तासांत होऊ लागले. सुरुवातीचे पॉलिमर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि अ‍ॅसिटोन यांसारख्या द्रावकांत विरघळवून फवारावे लागत. कोटिंग विभागात आगीची टांगती तलवार असे, आणि वासाने डोके दुखे. पुढे पाण्यात पसरवलेले पॉलिमर मिळू लागल्यावर हा धोका कमी झाला, पण पाणी उडवायला उष्णता जास्त लागते म्हणून यंत्रांची रचना पुन्हा बदलावी लागली.

याच दशकात डार्मस्टाटच्या रोम कंपनीने युड्राजिट या नावाची अ‍ॅक्रिलिक पॉलिमरे औषधांसाठी बाजारात आणली. त्यांच्या साखळीवर आम्लगट असतात. परिसर आम्लधर्मी असेपर्यंत हे गट शांत राहतात आणि पापुद्रा अभंग राहतो. आम्लता एका ठरावीक पातळीखाली गेली की गट भारित होतात, पाणी आत शिरते आणि पापुद्रा विरघळतो. पीएच, म्हणजे आम्लता कमी होईल तसा वाढणारा अंक, सुमारे ६ च्या वर गेला की युड्राजिट एल विरघळते, ७ च्या वर गेला की युड्राजिट एस. या एका अंकाच्या फरकावर कोलायटिसची गोळी उभी आहे. १९८२ मध्ये कार्डिफच्या ड्यू, ऱ्होड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युड्राजिट एसचे आवरण दिलेल्या गोळ्या मोठ्या आतड्यापर्यंत पोचून तिथे औषध सोडतात हे दाखवले, आणि त्यातून असाकोल ही गोळी आली. १९८८ मध्ये इव्हान्स आणि सहकाऱ्यांनी गिळता येणाऱ्या रेडिओ-कॅप्सूलने माणसाच्या आतड्यातील पीएच मोजला. लहान आतड्याच्या सुरुवातीला तो सुमारे ६.६ भरला, शेवटच्या टोकाला ७.५ पर्यंत चढला आणि मोठ्या आतड्यात शिरताच ६.४ वर आला. म्हणजे आवरण विरघळण्याची खिडकी लहान आतड्याच्या अगदी शेवटी, थोड्या वेळापुरती उघडते. ती हुकली तर गोळी न फुटताच बाहेर पडते. काही रुग्णांना शौचात अख्खी गोळी दिसते ती यामुळे.

कारखान्यात या पापुद्र्याचे आयुष्य चाचणीवर ठरते. आवरण दिलेल्या गोळ्या दोन तास जठरासारख्या आम्लद्रावणात ठेवतात. एकही गोळी फुटता कामा नये, तडा जाता कामा नये. मग त्याच गोळ्या आतड्यासारख्या फॉस्फेट द्रावणात टाकतात आणि औषध किती वेळात बाहेर येते ते मोजतात. पापुद्रा कुठे पातळ पडला, गोळीच्या कडेला कुठे खरचटले, दोन गोळ्या चिकटून वेगळ्या होताना जरासा तुकडा सुटला, की आम्ल त्या जागेतून आत शिरते. लाखभर गोळ्यांच्या बॅचमध्ये प्रत्येक गोळीवर सारखी जाडी आणणे, हे या सगळ्या शास्त्रातले सर्वांत अवघड आणि सर्वांत कमी गाजलेले काम आहे. तेच काम एका चुकीच्या सवयीने वाया जाते: ही गोळी अर्धी तोडून किंवा कुटून घेतली, तर आवरणाचा काही उपयोग राहत नाही. आपल्याकडे मोठी गोळी अर्धी करून घेण्याची सवय जुनी आहे, म्हणून औषधाच्या दुकानात हे सांगितलेच पाहिजे.

पीएचवर भिस्त न ठेवता वेळेवर भिस्त ठेवणारी रीत डेन्मार्कमध्ये तयार झाली. मेसालामाइनचे बारीक दाणे करायचे आणि प्रत्येकाला इथिलसेल्युलोजचे आवरण द्यायचे. हे आवरण विरघळत नाही. त्यातून पाणी आत झिरपते आणि औषध सावकाश बाहेर झिरपते, लहान आतड्याच्या सुरुवातीपासून मोठ्या आतड्याच्या शेवटापर्यंत. फेरिंग कंपनीचे पेंटासा या रीतीचे, आणि लहान आतड्यातही दाह असणाऱ्या क्रोन्सच्या रुग्णांत ते म्हणूनच वापरून पाहिले गेले. फेरिंगने पुढे अंबरनाथच्या वाढीव औद्योगिक वसाहतीत आपला कारखाना उभारला, म्हणजे या वाहकामागची कंपनी कल्याणच्या शेजारी येऊन बसली.  

तिसरी पिढी एमएमएक्स तंत्राची. यात मेसालामाइन मेणासारख्या आणि जलस्नेही पदार्थांच्या गाभ्यात मिसळून वर पीएचवर विरघळणारे आवरण देतात. १.२ ग्रॅमची ही गोळी अमेरिकेत २००७ मध्ये मंजूर झाली. दिवसाला सहा ते बारा लहान गोळ्या गिळण्याऐवजी दोन ते चार मोठ्या गोळ्या एकाच वेळी घेता येऊ लागल्या. आयुष्यभराच्या औषधात रुग्ण ते खरोखर घेतो की नाही याला आवरणाइतकेच महत्त्व असते. बुडेसोनाइड या स्टेरॉइडलाही असेच वाहक मिळाले. ते यकृतात झपाट्याने मोडते, त्यामुळे आतड्यात नेऊन सोडले तर बाकीच्या शरीराला त्रास कमी होतो.

भारतात या गोळ्यांची गरज उशिरा ओळखली गेली. रक्ती आव म्हटली की आमांश, आणि लहान आतड्याच्या टोकाशी व्रण म्हटले की क्षय, असा डॉक्टरांचा पहिला तर्क असे, आणि तो बहुतेक वेळा बरोबरही ठरे. क्रोन्स आणि आतड्याचा क्षय एकाच जागी, एकसारखे व्रण घेऊन येतात. क्षय असताना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिली तर जिवावर बेतते, म्हणून संशय असला की आधी क्षयाची औषधे देऊन पाहण्याची पद्धत पडली. तरी कोलायटिस आपल्याकडे विरळ आहे हा समज हळूहळू मागे पडला. लुधियानाजवळच्या पाहणीत अजित सूद आणि सहकाऱ्यांना दर लाख लोकांमागे ४४.३ इतके कोलायटिसचे रुग्ण आढळले. ती पाहणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली.

औषधे स्वस्तात मिळाली ती कायद्यामुळे. १९७० चा पेटंट कायदा एप्रिल १९७२ पासून लागू झाला आणि त्यात औषधाच्या रेणूवर पेटंट नव्हते, फक्त ते बनवण्याच्या प्रक्रियेवर होते. वेगळ्या रीतीने तोच रेणू बनवायला मोकळीक मिळाली, आणि वेगळी रीत शोधणे हा डोंबिवली-अंबरनाथच्या रसायनज्ञांचा हातखंडा होता. सन फार्माच्या मेसाकोलसारख्या देशी मेसालामाइन गोळ्या आल्या, आणि सल्फासालाझीन तर किरकोळ किमतीचे औषध झाले. १ जानेवारी २००५ पासून रेणूवर पेटंट परत आले, पण मेसालामाइन तोवर जुने झाले होते. पेटंटे उरली होती ती आवरणांवर आणि वाहकांवर.

त्यानंतरचे वाहक अजून बहुतांशी प्रयोगशाळेत आहेत. भारतात आंध्र विद्यापीठात वाय. एस. आर. कृष्णय्या आणि सहकाऱ्यांनी ग्वार गमचा थर वापरून मोठ्या आतड्यापर्यंत औषध नेण्यावर बरेच काम केले. ग्वार, पेक्टिन, कायटोसान यांसारख्या पदार्थांना पचनरस तोडू शकत नाहीत, पण मोठ्या आतड्यातले जीवाणू तोडतात. स्वार्त्झ यांच्या अ‍ॅझो बंधाचेच तत्त्व खाद्यपदार्थात पुन्हा आले. आवरणातला गम जाड घ्यावा लागतो आणि दर बॅचला त्याचा चिकटपणा बदलतो, हे त्याचे दुखणे. २००१ मध्ये लॅम्प्रेख्ट आणि सहकाऱ्यांनी उंदरांत दाखवले की सुमारे एक दशांश मायक्रोमीटरचे अतिसूक्ष्म कण सूज आलेल्या अस्तरावर जास्त चिकटतात. निरोगी भाग सोडून आजारी भागावरच औषध बसवण्याची आशा त्यातून निर्माण झाली, आणि त्यावर जगभर शोधनिबंधांचा पूर आला. पण माणसाच्या आतड्यात पातळ शौच, श्लेष्मा आणि वेगाने पुढे सरकणारा प्रवाह असतो, आणि किलोंनी एकसारखे कण बनवणे महाग पडते. इन्फ्लिक्सिमॅबसारखी प्रथिन औषधे १९९८ पासून सुईनेच द्यावी लागतात. ती तोंडाने देता येतील असा वाहक अजून रोजच्या वापरात आलेला नाही.

औषधपट्टाही या काळात बदलत गेला. जमिनीची किंमत कारखान्याच्या नफ्याहून जास्त झाली. ग्लॅक्सोची पोखरण रस्त्यावरची सुमारे ६० एकर जागा २०१७ मध्ये ५५५ कोटी रुपयांना ओबेरॉय रिअल्टीने घेतली. कोलशेतला सँडोझच्या रसायनांचा वारसा चालवणाऱ्या क्लॅरियंटची जागाही गृहसंकुलाला गेली. गोळ्या बनवण्याचे काम २००३ नंतर करसवलतींच्या ओढीने हिमाचलातील बद्दीकडे सरकले. डोंबिवलीत वस्ती कारखान्यांच्या भिंतींना येऊन भिडली. २०१४ मध्ये तिथे हिरवा पाऊस पडला, २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाला, आणि २०१६ व २०२४ च्या मे महिन्यांतील स्फोटांत माणसे गेली. २०१६ च्या स्फोटातच १२ जणांचा मृत्यू झाला. धोकादायक कारखाने पाताळगंगा औद्योगिक क्षेत्रात हलवण्याचा निर्णय झाला, पण अंमलबजावणी रखडली. ज्या रसायनाने स्वस्त औषध दिले त्याच रसायनाने शेजाऱ्यांच्या जिवाला घोर लावला, आणि त्याची नोंद या इतिहासात व्हायलाच हवी.

मागे राहिले ते वेगळ्या प्रकारचे काम. रोम कंपनीची युड्राजिट पॉलिमरे मालकी बदलत एव्हॉनिककडे आली आणि एव्हॉनिकने भारतातील आपले संशोधन केंद्र ठाण्यात ठेवले. देशी कंपन्यांच्या गोळ्यांवर कोणते पॉलिमर किती जाडीने चढवायचे, कोणत्या पीएचला ते सुटते, अशा प्रश्नांवर अशा प्रयोगशाळांत काम चालते. ठाणे-बेलापूर रस्त्यावर मूळ औषधद्रव्ये बनतात, अंबरनाथला आवरण दिलेल्या औषधांची निर्मिती होते, कोलशेतजवळ कोटिंगची यंत्रे तयार होतात, आणि या सगळ्यांतले केमिस्ट व ऑपरेटर मोठ्या संख्येने डोंबिवली-कल्याणहून सकाळच्या लोकलने कामाला निघतात. २००४ मध्ये ठाणे-वाशी मार्गावर प्रवासी लोकल सुरू झाल्यापासून त्यांचा बेलापूर रस्त्याकडचा प्रवासही सोपा झाला आहे.